हात मांडीवर

टॅबने मावशींना दुसऱ्यांदा नापास केलं, तेव्हा सभागृहात एकोणतीस माणसं होती आणि त्यांपैकी अठ्ठावीस जणांनी तो आवाज ऐकला. एकोणतिसावे सुरक्षारक्षक होते. ते पहिल्याच फटक्यात पास झालेले असल्यामुळे निर्धास्त झोपले होते.

नापास झाल्याचा तो आवाज ज्याने शोधून काढला, त्याच्या डोक्याला दाद द्यायला हवी. वजनदार माणूस चुकून रबरी खेळण्यावर बसला की जो येतो, तोच. पाठोपाठ पडद्यावर लाल फुली आली आणि फुलीखाली एक रडका चेहरा, मावशींना वाईट वाटायला कमी पडू नये म्हणून.

प्रश्न साधा होता. 'काटा शून्यावर आल्यानंतर तुम्ही सर्वप्रथम काय कराल? अ) दार उघडून गठ्ठे बाहेर काढीन. ब) गठ्ठ्यांवर तारखेचं लेबल लावीन. क) ॲपवर काम पूर्ण झाल्याचं कळवीन. ड) यंत्र पुसून ठेवीन.'

मावशींनी चारही उत्तरं वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. आपलं उत्तर कुठे खाली पडलंबिडलं आहे का, म्हणून टॅब उचलून टेबलावरही पाहिलं. तेवढ्यात तीस सेकंद संपले.

"मावशी, अहो काहीतरी दाबा तरी," ट्रेनिंगसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले. साहेब तिशीचे, गोड बोलणारे, गळ्यात दोन ओळखपत्रं. त्यातलं दुसरं कशाचं, हे त्यांनाही आता आठवत नसे. "रिकामं सोडलं तरी चूकच धरतं ते."

"साहेब, ह्यात माझं उत्तरच नाही."

"तुमचं कुठलं?"

"थांबीन."

"म्हणजे?"

"काटा शून्यावर आला की मी दार बोटभर उघडते आणि थांबते. वीस मिनिटं."

साहेब हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. "मावशी, थांबणं ही कृती नाही ना! आपण इथे कृती विचारतोय. तुम्ही व्हिडिओ नीट बघितला नाहीत, तिथेच घोळ झालाय."

हे मात्र खरं होतं. व्हिडिओ दोनदा दाखवला गेला आणि दोन्ही वेळा ऑपरेशन थिएटरमधून गठ्ठ्यांसाठी बोलावणं आल्यामुळे मावशी उठून गेल्या होत्या. कामामुळे कामाचं शिक्षण बुडत होतं.

"शुक्रवारी तिसरी संधी," साहेब म्हणाले. "ती गेली तर नियमाने तुम्हाला यंत्रावरून काढावं लागेल. कपडेखात्यात जावं लागेल. मला हे बोलायलासुद्धा कसंतरीच होतंय. टॅब घरी न्या. उद्या सकाळी उजळणी वर्गाला या. भट्टीवर उद्या नवा असेल, त्याची काळजी नको."

भट्टी म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरातली ती खोली. पाटीवर 'निर्जंतुकीकरण विभाग' असं होतं, पण ते वाचून होईपर्यंत माणूस पुढे निघून गेलेला असे, त्यामुळे तोंडात 'भट्टी'च बसली. वर कुठल्याही पेशंटचं पोट उघडायचं तर त्याआधी कात्र्या, चिमटे, हिरवी कापडं, सगळं गठ्ठे बांधून ह्या खोलीतल्या मोठ्या वाफेच्या यंत्रातून जायचं. यंत्राला जहाजासारखं जाड दार, दाराला फिरवायचं चाक आणि वर दाबाचा काटा. सत्तावीस वर्षं ते चाक मावशी फिरवत होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. सुपरिंटेंडेंट त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे. तेही मावशीच म्हणत.

त्यांना हे काम शिकवलं ते भट्टीवाल्या दादांनी. दादा फार बोलणारे नव्हते. पहिल्याच आठवड्यात, दादा पाणी प्यायला गेलेले असताना, हुशारी दाखवायला म्हणून मावशींनी दार सरळ उघडलं आणि काट्यावर न दिसणारी वाफ डाव्या मनगटाला चाटून गेली. दादा धावत आले, हात नळाखाली धरला, मलम लावलं, एक अक्षर बोलले नाहीत. मग लोखंडी स्टूल ओढलं, मावशींना त्यावर बसवलं आणि म्हणाले, "हात मांडीवर."

झालं शिक्षण. काटा शून्यावर आला की बाजूला उभं राहून दार बोटभर किलकिलं करायचं, आतल्या वाफेला तिच्या वाटेने जाऊ द्यायचं आणि स्टुलावर हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं मोजायची. वाफ जाते, गठ्ठे सुकतात. "ओला गठ्ठा दिसायला शहाणा, आतून नालायक," असं दादा एकदा म्हणाले होते. ओल्या कापडातून बाहेरची घाण आत झिरपते आणि थेट पेशंटच्या पोटात जाते. त्यांच्या नोकरीतलं हे सर्वांत लांब भाषण. मनगटावर चमच्याएवढा डाग राहिला आणि सत्तावीस वर्षांत मावशींच्या गठ्ठ्यांबद्दल वरून एकदाही तक्रार आली नाही.

दादांची पद्धत आता बंद झाली होती. शेजारी उभं राहून शिकल्याने प्रत्येकाची पद्धत वेगळी पडते, असं परिपत्रक निघालं होतं. सात हॉस्पिटलं, एक व्हिडिओ, एक परीक्षा. सूचना, रजा, तक्रारी, वाढदिवस, सगळं ॲपवर. भट्टीतला भिंतीवरचा फोनसुद्धा काढून नेला. त्याचा खिळा मागे राहिला, त्यावर मावशी ॲप्रन टांगत.

जिन्यावर नवा भेटला. नवा म्हणजे नुसता कामाला नवा. वय त्रेचाळीस, अठरा वर्षं फोटो स्टुडिओत काढली, लोकांनी फोटो काढून घ्यायचे बंद केले तेव्हा इथे आला. आठवडाभर तो वरच्या हॉलमध्ये टॅबसमोरच होता. कालच शंभर टक्के मार्क मिळवून त्याने ॲपवर रिबिनीचं प्रमाणपत्र घेतलं होतं. चौसष्ट जणांनी अंगठा दाखवला होता.

"मावशी, उद्या मी एकटा हां भट्टीवर!" तो म्हणाला. "पण टेन्शन नाही. काय व्हिडिओ आहे राव! बेचाळीस वेळा बघितला. आणि त्या बाईचे हात बघितले का?"

"कुठल्या बाईचे?"

"तोंड नाहीच दाखवलंय, नुसते हात आहेत. अठरा वर्षं माणसं बघितलीयेत मी लेन्समधून. तोंड खोटं बोलतं, हात नाही बोलत. त्या हातांना सगळं येतं, मावशी. आपण फक्त ते करतात तसं करायचं."

"बरं बाबा," मावशी म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे हात सवयीने ॲप्रनखाली होते.

*

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला गेला. मावशींचे यजमान निवृत्त शिंपी. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप उतरली नव्हती. तेही खुर्ची ओढून बसले. बायकोचा अभ्यास घ्यायची संधी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

व्हिडिओ सुरू झाला. मागे टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असं संगीत. हिरव्या कापडावर दोन हात आले, कात्र्या मांडल्या, कापड दुमडलं.

"अगं," यजमान म्हणाले, "हे तू आहेस."

"काहीतरीच तुमचं."

"काहीतरी कसलं? आधी कोपरा आत घालतात बघ. आपल्याकडे चादर, टॉवेल, विजेचं बिल, सगळं असंच दुमडलेलं सापडतं." त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "आणि हा डाग."

मावशींनी चष्मा नाकावर दाबला. डाव्या मनगटावर चमच्याएवढा डाग. आठ महिन्यांपूर्वी एक कॅमेरावाला दिवसभर भट्टीत बसला होता. फक्त हात येतील म्हणाला, म्हणून त्यांनी केससुद्धा विंचरले नव्हते. त्या वीस मिनिटांत तोही समोर बसून बिस्किटं खात होता आणि "हे असंच बसायचं?" असं तीनदा विचारत होता.

"एकतीस वर्षांत इतक्या जवळून बघायला मिळाले नव्हते," यजमान टॅबकडे बघत म्हणाले. "चांगले आहेत की."

"गप्प बसा हो."

पण त्या लाजल्या होत्या. सात हॉस्पिटलांत आपले हात बघून लोक शिकतायत! दादा असते तर काही बोलले नसते, पण स्टूल तरी जरा पुढे ओढलं असतं.

पडद्यावरच्या हातांनी दार लावलं, चाक फिरवलं. काटा चढला, काटा उतरला. कुणा तरुण मुलीचा आनंदी आवाज आला, "आणि काटा शून्यावर! चला, दार उघडूया!"

आणि मावशींच्या हातांनी दार उघडलं. सताड. लगेच. आणि गठ्ठे बाहेर काढायला लागले.

मावशी उठून उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली.

"काय झालं?"

"मागे घ्या. मागे घ्या ते."

त्यांनी मागे घेतलं. पुन्हा काटा शून्यावर आला, पुन्हा आनंदी आवाज आला, पुन्हा दार सताड. चौथ्यांदा बघताना मावशींना आपला हात दुसऱ्याच कुणीतरी हलवतंय असं वाटायला लागलं.

"मी असं केलं नाही," त्या म्हणाल्या. "जन्मात केलं नाही. एकदाच केलं होतं."

"पण हात तर तुझेच आहेत," यजमान म्हणाले.

मग धावपळ झाली. नव्याचा नंबर नव्हता. ॲपच्या ग्रुपवर फक्त साहेबांना लिहिता येई, बाकीच्यांना अंगठा. मेट्रनबाईंना फोन लावला, तर त्यांच्या आवाजात कुणीतरी म्हणालं की कृपया ॲपवर लिहा. ॲपमध्ये 'आपला विषय निवडा' असं होतं: पगार, रजा, गणवेश, कौतुक, इतर. यजमानांनी 'इतर' निवडलं आणि एका बोटाने टाइप केलं, "व्हिडिओत थांबणं कापलंय. माणूस भाजेल. नव्याला सांगा."

उत्तर तत्काळ आलं. मावशींचा जीव भांड्यात पडला, तो दोन सेकंद. "आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार! आम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू. हा अनुभव आपल्याला कसा वाटला?" खाली पाच रिकामे तारे.

*

सकाळच्या पहिल्या बसने मावशी हॉस्पिटलात पोहोचल्या आणि उजळणी वर्गाचा जिना सोडून तळघरात उतरल्या. भट्टीच्या दाराला आता कार्ड लागे. त्यांनी कार्ड लावलं, लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. नापासांची कार्डं यंत्राच्या खोलीला चालणार नाहीत, ही सुधारणा कालच रात्री लागू झाली होती. ॲपवर कळवलंही होतं.

दाराला काचेचा चौकोन होता. आत नवा पाठमोरा, नवं कोरं ॲप्रन, यंत्राचा घों घों आवाज. मावशींनी काचेवर मूठ मारली. एकदा, दोनदा, मग दोन्ही मुठींनी. तो वळला. त्याला मावशी दिसल्या आणि त्याचा चेहरा खुलला.

"थांब!" मावशी ओरडल्या. काच जाड होती.

त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर आपटले. हात मांडीवर! पुन्हा आपटले. हात मांडीवर, अरे, हात मांडीवर! नवा हसला. मावशींना आपलं इतकं कौतुक वाटतंय हे बघून तो बिचारा भारावला असावा. त्याने हात वर करून अंगठा दाखवला.

मग तो वळला, यंत्रासमोर बरोबर मध्ये उभा राहिला, चाक फिरवलं आणि दार उघडलं. सताड.

काच पांढरी झाली.

मावशींचे हात मांड्यांवर तसेच राहिले. ते उचलून काही करायचं असतं, हे त्यांना काही क्षण सुचलंच नाही. मग त्या पांढऱ्यातून आवाज आला आणि त्या किंचाळत जिन्याकडे धावल्या. वरच्या पायरीवर सुरक्षारक्षक भेटले आणि त्यांच्या कार्डाने दार उघडलं. ते पास होते.

*

चेहरा वाचला होता. त्याने हात आडवे धरले होते, त्यामुळे कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात गेले. दुपारी त्याला पट्ट्यांत गुंडाळून ठेवलं, तेव्हा मावशी खाटेजवळ बसल्या. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"मावशी," नवा म्हणाला. गुंगीच्या औषधाने जीभ जड झाली होती. "माझं काय चुकलं? मी हुबेहूब त्या हातांसारखंच केलं. काही राहिलं का माझ्याकडून?"

मावशींनी डाव्या हाताची बाही वर सरकवली आणि मनगट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

बेचाळीस वेळा बघितलेला डाग त्याने त्रेचाळिसाव्यांदा बघितला.

"तुम्ही?"

"हात माझे. पण मी असं केलं नव्हतं रे. मी वीस मिनिटं थांबले होते. ती त्यांनी कापून टाकली."

नव्याने डोळे मिटले. "मग तुम्ही काचेवर ते मांड्या बडवत होतात..."

"तेच सांगत होते."

"मला वाटलं, शाबासकी."

दाराशी ट्रेनिंगसाहेब उभे होते. केव्हा आले, कोणाला कळलं नव्हतं. तोंड पांढरंफटक. ते आत आले आणि खुर्ची असूनही भिंतीला टेकून जमिनीवर बसले. दोन्ही ओळखपत्रं लादीवर खळखळली.

"तीन मिनिटं चाळीस सेकंदांत बसवायचा होता," ते म्हणाले. "त्यापुढे कोणी बघतच नाही, असं निघालंय. आणि त्या वीस मिनिटांत... मावशी, त्या वीस मिनिटांत काही घडतच नव्हतं हो."

"काही घडू नये म्हणूनच असतात ती," मावशी म्हणाल्या.

*

व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी सुधारला. काटा शून्यावर आला की पडद्यावर पिवळ्या रंगात 'थांबा' अशी पाटी येई, दोन सेकंद, आणि मग दार उघडे. परीक्षा मात्र सातही हॉस्पिटलांची एकच असल्याने कुलूपबंद होती. ती पुढच्या तिमाहीतच उघडणार होती. शुक्रवारी सभागृहात तोच प्रश्न आणि तीच चार उत्तरं आली.

साहेब मावशींच्या खुर्चीमागे वाकले. गेल्या दोन दिवसांत ते झोपले नसावेत.

"मावशी, हात जोडतो. 'अ' दाबा. मला माहितीये ते चूक आहे. तुम्हाला माहितीये, अख्ख्या हॉस्पिटलला माहितीये. नुसतं बोट टेकवायचं. यंत्र तुमच्याकडेच राहील, आणि ते राहायला हवं, नाहीतर मला..."

मावशींनी 'अ'कडे पाहिलं. दार उघडून गठ्ठे बाहेर काढीन.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी माझ्या हातांनी दार उघडलं, ते मला न विचारता. आता हे दाबलं तर मी स्वतः उघडल्यासारखं होईल."

आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तीस सेकंद सभागृहात कोणी खोकललंसुद्धा नाही. सुरक्षारक्षक जागे होते. मग तो आवाज आला, रबरी खेळण्याचा. कोणाला हसू आलं नाही.

सोमवारपासून मावशी कपडेखात्यात लागल्या. ती खोली भट्टीच्या शेजारचीच, मध्ये एक सरकती खिडकी. धुतलेली कापडं त्या खिडकीतून पलीकडे द्यायची. चादरी घडी घालायच्या, डाग बघायचे, फाटलेलं बाजूला काढायचं. यंत्रावर सहा आठवडे दुसऱ्या हॉस्पिटलचा माणूस होता. मग नवा कामावर परत आला. भाजलेला असला तरी नियमाने यंत्र चालवायला तोच पात्र होता. त्याला शंभर टक्के होते.

पहिल्या दिवशी मावशी चादरीचा कोपरा आत घालत होत्या, पण कान पलीकडे होते. घों घों कमी होत गेलं. वाफ सुटल्याचा आवाज आला आणि संपला. काटा शून्यावर आला असणार. त्यांच्या हातातली चादर थांबली.

चाक फिरल्याची करकर आली. मग काहीच नाही.

त्यांनी खिडकी बोटभर सरकवली. यंत्राचं दार बोटभर उघडं होतं आणि फटीतून पांढरी रेघ वर जात होती. बाजूला, लोखंडी स्टुलावर, नवा ताठ बसला होता. खिशातला फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन्ही हात मांडीवर होते, कोपरापर्यंत गुलाबी, नव्या कातडीचे.

मावशींनी खिडकी होती तशीच राहू दिली आणि हातातली चादर पुढे दुमडायला घेण्याआधी, भिंतीवरच्या घड्याळात बघून, त्याही थांबल्या.